भावापेक्षा उंच जोतं

फकिरा मिस्त्रीनं पातळी धरायच्या पाण्याच्या नळीचं एक टोक रस्त्याच्या कडेला धरलं होतं. पुंजारामनं ते त्याच्या हातातून ओढून घेतलं.

"इथं नाय, तिकडं लाव."

"तिकडं कुठं?"

"मुंजाबाच्या ओट्याला."

फकिरानं रुमाल सोडून तोंड पुसलं. "पुंजाभाऊ, जोत्याची उंची रस्त्यावरून धरतेत. भावावरून नाय धरीत कुणी."

"मी धरतो. त्याच्या ओट्याच्या वर दोन हात पायजे मपलं जोतं. घर मपलं हाय का तुपलं?"

घर त्याचंच होतं. फकिरानं मुकाट्यानं नळी लावली.

आमचं गाव कन्नडच्या रस्त्याला, आणि माझं पत्र्याचं घर या दोघा भावांच्या समोर. मला त्यांच्या पक्क्या घरांचा हेवा वाटत नव्हता असं मी म्हणणार नाही. पण पत्र्याखाली बसून स्लॅबवाल्यांची भांडणं बघण्यात एक मजा असते, ती मी सोडत नाही.

पुंजाराम थोरला, मुंजाबा धाकटा. मुंजाबाचा पोरगा वाळूजला कंपनीत लागला आणि धाकट्यानं आधी पक्कं घर बांधलं. तेव्हापासून पुंजारामच्या पोटात दुखायला लागलं. मुंजाबाच्या घराचा रंग त्याला भडक वाटायचा, खिडक्या लहान वाटायच्या, आणि रत्नमालेनं, म्हणजे मुंजाबाच्या बायकोनं, दारात लावलेली तुळससुद्धा मुद्दाम मिरवायला ठेवली आहे असं वाटायचं. त्याच्याजवळ मिरवायला एकच गोष्ट होती. त्यांची आई, राजाबाई, थोरल्याकडं राहायची. "त्याच्याकडं स्लॅब असंल, मपल्याकडं माय हाय," असं तो चहाच्या टपरीवर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

आता स्वतःचं घर बांधायचं म्हणजे जुनं मातीचं पाडणं आलं. पुंजाराम आणि त्याची बायको आशाबाई शेतातल्या शेडमध्ये राहायला गेले. म्हातारीला तिथं कुठं नेणार? घर होईस्तोवर ती मुंजाबाकडं राहिली. झालं, आगीत तेल पडलं. रोज सकाळी पुंजाराम कामावर यायचा आणि आधी शेजारच्या ओट्याकडं बघायचा. तिथं राजाबाई भिंतीला टेकून बसलेली, गल्लीतल्या चार बायका भोवती, आणि म्हातारी खळखळून हसतेय. ती हसली की याचा चेहरा पडायचा.

"आपल्याकडं अशी हसत नव्हती," तो आशाबाईला म्हणाला.

"आपल्याकडं बी हसायची. तुमी बघत नव्हते."

आशाबाई तोंडाची फटकळ, पण डोकं जाग्यावर असलेली बाई. पाया खणताना तिनंच सांगितलं होतं, काळ्या मातीत थांबू नका, मुरूम लागेस्तोवर खाली जाऊ द्या. ते त्यानं ऐकलं, कारण मुंजाबाच्या एका भिंतीला तडा गेला होता आणि आपल्या भिंतीला जायला नको होता. पण नळी मुंजाबाच्या ओट्याला लागली त्या दिवशी तिनं डोक्याला हात लावला.

"अवो, मायचे गुडघे बघा. एवढं उंच ती चढंल कशी?"

"पायऱ्या असतील ना."

"पायऱ्याला जागा कुठं ठेवली? भिंत तर तुमी रस्त्यापोतर नेली."

तीही त्यानं मुद्दाम नेली होती. मुंजाबाची भिंत जिथं संपते तिच्यापुढं आपली दिसली पाहिजे! फकिरानंही एकदा सांगून बघितलं, की पायरी बसकी पाहिजे, पाय पुरता मावला पाहिजे, त्यासाठी दारापुढं मोकळी जागा सोडावी लागते. पुंजाराम म्हणाला, "तुला मुंजाबानं शिकवून पाठवलं का?" मग फकिरानं पुन्हा थापी उचलली.

जोतं भरायला मुरमाच्या ट्रॉल्यांवर ट्रॉल्या आल्या. एखादी विहीर बुजवावी तसा मुरूम त्यात जात होता. भिंती उठल्या, स्लॅब पडला, गिलावा झाला. फरशी पुंजारामनं शहरातल्या क्रांती चौकाकडच्या दुकानातून आणली, आरशासारखी चकचकीत. दारापुढं मात्र जागा नव्हती, म्हणून पायऱ्या माळ्यावर चढायच्या शिडीसारख्या उभ्या झाल्या. मी दोनदा चढलो आणि दोन्ही वेळेला देवाचं नाव घेतलं.

वास्तुशांतीच्या दिवशी म्हातारीला खुर्चीत बसवून वर न्यावं लागलं. खुर्चीला दोन बाजू असतात. एका बाजूला पुंजाराम, दुसरी धरायला मुंजाबाच धावला. दोघं भाऊ घामाघूम. वर पोचल्यावर पुंजारामनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "माय, आता इथून हलायचं नाय."

आणि खरंच म्हातारीला हलता येईना. सकाळी बायका मुंजाबाच्या ओट्यावर जमायच्या आणि ती वरच्या दारातून हाका मारायची, "ए भागूबाई, काय भाजी केली गं?" भागूबाईला एका कानानं कमी ऐकू येतं. ती खालून म्हणायची, "व्हय, व्हय." फरशीवर म्हातारीचा पाय सरकायचा, म्हणून ती दारातच बसून राहायची. हसणं गेलं, जेवणही कमी झालं. पुंजाराम तिच्यासाठी सिल्लोडहून पेढे घेऊन आला. तिनं ते पदरात बांधून ठेवले.

एका दुपारी मी पत्र्याखाली पडलो होतो. समोर बघतो तर राजाबाई उंबऱ्यात बसली, आणि बसल्या बसल्याच एकेक पायरी खाली सरकायला लागली. मी धावलो, तोवर ती खाली पोचली होती. लुगड्याची धूळ झटकून थेट मुंजाबाच्या ओट्यावर गेली आणि पदरातले पेढे बायकांना वाटायला लागली.

पुंजाराम शेतातून आला तो हे बघूनच पेटला.

"रत्नमाला, चहाची लालूच दाखवून माय पळवली का?"

रत्नमाला दारात आली. "आम्ही कामून पळवू? तुमचा बुरूजच तिला पेलंना."

"माय, ऊठ! मपलं घर वाईट हाय का?"

राजाबाई जागची उठली नाही. मान वर करून तिनं ते घर बराच वेळ निरखलं.

"लई चांगलं हाय, पुंजा. इथून सगळं दिसतं. वर बसल्यावर मला नुस्तं आभाळ दिसतं."

पुंजारामचे डोळे भरले आणि ते मला दिसले म्हणून तो माझ्यावरच खेकसला.

फकिराला पुन्हा बोलावलं. त्यानं फिरून बघितलं आणि सांगितलं की घसरडा नसलेला, हळू उतरणारा उतार करायचा तर पुढं जागा नाही. तो फक्त बाजूच्या बोळातून जाईल. बोळ वाटणीत मुंजाबाला गेलेला होता.

त्या संध्याकाळी पुंजाराम भावाच्या दारासमोर उभा राहिला आणि तुळशीकडं बघत म्हणाला, "बोळ पायजे होता. मायसाठी."

मुंजाबा दारात आला. मग म्हणाला, "घे की दादा. पण एक सांग, आता नळी कुठून लावणार?"

"तू म्हणशील तिथून."

"तुझ्या भिंतीनं मपल्या खिडकीतलं ऊन गेलं. मी बी वर मजला टाकायच्या तयारीत होतो, खोटं कशाला बोलू? तुझ्यापेक्षा उंच." मुंजाबा हसला. "मग म्हटलं, मायला तिथं कोण चढवणार?"

उतार झाला. खरखरीत, हाताला लोखंडी कठडा असलेला. वरून निघतो तो पुंजारामच्या दारातून आणि खाली येतो तो बरोबर मुंजाबाच्या ओट्यापाशी. दुसरीकडं उतरायला जागाच नव्हती. म्हातारी रात्री थोरल्याकडं झोपते, आणि सकाळ झाली की कठडा धरून आपली आपण खाली येते, धाकट्याच्या ओट्यावर बसते आणि खळखळून हसते. तिला तिथं नेणारी वाट पुंजारामनं स्वतःच्या हातानं पाणी मारून पक्की केली आहे.

पहिल्या दिवशी तो वर दारात उभा राहून नुसता बघत होता. मग उतार तपासायचं निमित्त करून खाली आला आणि ओट्याच्या कडेला टेकला. रत्नमालेनं चहाचा कप पुढं केला. त्यानं तो संपवला, उठला आणि वर गेला. मी समोरच होतो, दार उघडं होतं, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"आशे, ती चहात साखर जास्त घालती. तरीच माय तिथं बसती. उद्यापासून आपल्याकडं बी जास्त घाल. तिच्यापेक्षा चमचाभर जास्त."