टीसीसाठी तीन खेपा

कार्यालयाच्या खिडकीतून "उद्या या" हे शब्द ऐकले नाहीत, असा माणूस आपल्यात विरळाच! पण ही गोष्ट खिडकीच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या बाईची आहे.

घाटंजीच्या एका महाविद्यालयात इंदुताई गावंडे वरिष्ठ लिपिक होत्या. वय सत्तावन्न. आधी आईचं आणि मग वडिलांचं दुखणं काढण्यात लग्नाचं वय निघून गेलं. दोन वर्षांपूर्वी वडीलही गेले. तेव्हापासून घरी आल्यावर त्या आधी टीव्ही लावत आणि मग चपला काढत. घरात कुणाचा तरी आवाज हवा, एवढंच. रविवार तर त्यांच्या अंगावर येई. सोमवारी खिडकी उघडली आणि "ओ ताई" अशी पहिली हाक आली की त्यांच्या जिवात जीव येई.

महाविद्यालयाने वर्षभरापूर्वी नवी संगणक प्रणाली घेतली होती. विद्यार्थ्याने मोबाईलवरून अर्ज करायचा, कार्यालयाने नोंद तपासायची, प्राचार्यांनी डिजिटल सही करायची, की दाखला थेट मोबाईलवर! त्यासाठी जुन्या रजिस्टरातल्या नोंदी तेवढ्या संगणकात भरायच्या होत्या. ते काम इंदुताईंकडे होतं, आणि ते तसूभरही सरकलं नव्हतं.

"ताई, कधी सुरू करता?" ग्रंथपाल दीपमाला भगत अधूनमधून विचारायची.

"लाईन राहत नाही. अन् खेड्यातल्या पोरांले थे जमणार हाय काय?"

"पोरं दिवसभर मोबाईलवरच तर असतात. तुम्ही बसा, मी मदत करते."

"पाहू," म्हणून इंदुताई विषय मिटवत.

ऑगस्टात एके दिवशी रामीबाई राठोड खिडकीशी आली. तांड्यावर राहणारी, निंदणाच्या मजुरीला जाणारी बाई. तिची निकिता याच महाविद्यालयातून बी.ए. झाली होती आणि बी.एड.च्या प्रवेशासाठी अमरावतीला मावशीकडे थांबली होती. निकिताच्या सहीचा अर्ज घेऊन रामीबाई टीसी न्यायला आली होती.

रजिस्टर काढून टीसी लिहायला दहा मिनिटं पुरली असती. पण मग रामीबाईही दहा मिनिटांत निघून गेली असती! इंदुताईंनी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. रामीबाई मोठी बोलकी. तांड्यावरच्या लग्नात वरातीची गाडी चुकून दुसऱ्याच गावी कशी गेली, ते तिने असं रंगवून सांगितलं की इंदुताईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. कितीतरी महिन्यांनी त्या अशा हसल्या होत्या.

"रजिस्टर शोधा लागते. गुरुवारी येजा," त्या म्हणाल्या.

गुरुवारी रामीबाई पुन्हा मजुरी पाडून आली. टीसी लिहून तयार होती. प्राचार्य केबिनमध्येच होते. पुन्हा चहा झाला, गप्पा झाल्या.

"सही राह्यली हाय. सोमवारी नेजा."

रामीबाई घुटमळली. "सोमवारीच आखरी तारीख हाय म्हनते पोरगी."

"सकाळीच या ना जी. लगेच देतो."

सोमवारी पावसाने नाल्याला पूर आला आणि तांड्याकडची एसटी आलीच नाही. इंदुताई दिवसभर खिडकीतून फाटकाकडे पाहत बसल्या. रामीबाई आली ती मंगळवारी, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. निकिताची जागा गेली होती.

ती भांडली नाही. टीसी हातात घेऊन म्हणाली, "तुमी मले खुर्ची देल्ली, चहा पाजला. मी तांड्यात सांगत होती, हापिसात आपलं मानूस हाय म्हून. ताई, गुरुवारी देता येत नव्हतं काय?"

इंदुताईंना खोटं बोलवेना. "येत होतं," त्या पुटपुटल्या.

रामीबाईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ती निघून गेली.

दुपारी दीपमाला कार्यालयात आली तेव्हा इंदुताई रडत होत्या. "मी तिले उगीच बोलवत राह्यली, दीपमाला. घरी बोलाले कोणी नाही म्हून. थे संगणकाचं कामही त्याच्यासाठीच टाळलं. सगळं मोबाईलवर झालं तर माह्या खिडकीवर कोण येईन?"

दीपमाला त्यांच्याजवळ बसली. "ताई, तुमचं एकटेपण खोटं नाही. पण टीसी तिच्या पोरीचा हक्क होता. तो रोखून आपण तिला इथं बसवलं! इथं एक सही राहते, तेव्हा तिकडे एका बाईचा रोज बुडतो, एका पोरीचं वर्ष जातं. सोबत पाहिजे तर हक्काने मागा ना! मी पुढच्याच गल्लीत राहते. दोन वर्षांत तुम्ही कधी दार वाजवलं?"

इंदुताईंनी कधीच वाजवलं नव्हतं.

पोळ्याच्या सुट्टीत सारं गाव बैलांमागे लोटलं होतं, तेव्हा इंदुताई रजिस्टरं उघडून संगणकासमोर बसल्या होत्या. शेजारी दीपमाला नावं वाचून दाखवत होती. महिन्याभरात सगळ्या नोंदी भरून झाल्या.

निकिताला रिकाम्या जागांच्या फेरीत प्रवेश मिळाला, पण थेट गोंदियाला. मावशीचा आधार सुटला, तो सुटलाच. तिथून तिने चारित्र्याच्या दाखल्यासाठी मोबाईलवरून अर्ज केला. अर्ध्या तासात दाखला तिच्या हाती पडला. तांड्यावरून कुणालाही यावं लागलं नाही.

खिडकी ओस पडली. इंदुताईंना ते जड गेलं. दिवसचे दिवस "ओ ताई" अशी हाक येईना. मग एका रविवारी त्या स्वतःच एसटीत बसल्या आणि तांड्यावर उतरल्या.

रामीबाई दारातच होती. "कायले आल्या जी?" तिने कोरडेपणाने विचारलं.

"माफी मागाले. अन् इथल्या पोरापोरींचे अर्ज भराचे असन तर शिकवाले."

रामीबाई दारातून बाजूला झाली. मग तिने आतून सतरंजी आणून ओसरीत अंथरली आणि शेजारच्या घराकडे तोंड करून हाक दिली, "गंगे, मोबाईल घेऊन ये वं!"

वाचकहो, यंत्राने कागद झटक्यात हलतो, पण तो अडवून धरणारा हात माणसाचाच असतो. तो हात आधी सैल व्हायला हवा! आणि माणसांची सोबत हवी असेल तर आपण उठून त्यांच्या दारी जावं. गरजेपोटी आपल्या दारी आलेल्याला तिष्ठत ठेवलं, तर तो बसतो खरा, पण आपला होत नाही.