हौद आणि झेरॉक्सचं दुकान

अक्षताच्या हडपसरच्या कंपनीतल्या मुलांना रविवारी जुनं पुणं बघायचं वेड लागलं होतं. शनिवारवाडा पाहुण्यांना दाखवायला. ह्यांना हवे असायचे विसरलेले हौद, बुजलेले नळ, कोणाच्या तरी मोरीमागे उरलेली दगडी कमान. आठवडाभर कॉम्प्युटरपुढे बसून अमेरिकेचं घड्याळ सांभाळायचं आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून बोळ हिंडायचे! "आमच्या वेळी सुट्टीला लोक झोपायचे," शैलाताई म्हणाल्या. पण लेकीनं हट्टच धरला, तशा बूट चढवून निघाल्या.

निघताना एकच बजावलं. "घरचं काही बोलायचं नाही हं तिथे."

हे बजावणं जुनं होतं. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती ताठ मानेनं. घरात ती मान ताठच होती. टेलिफोनच्या ऑफिसात मात्र शैलाताई ती जराशी झुकवून बसत. आडनावावरून उलगडा झाला नाही की तिथे प्रश्न यायचा, चहाबरोबर, अगदी सौजन्यानं: "मूळच्या कुठल्या आपण?" त्यावर त्यांनी उतारा शोधला होता. "येरवड्याच्या," म्हणायचं. माणूस तुरुंगावर विनोद करतो, स्वतःच हसतो आणि पुढचं विचारायचं विसरतो. अक्षता नोकरीला लागली तेव्हा हाच उतारा त्यांनी तिलाही देऊन ठेवला होता.

सगळ्यांना हिंडवणारा साईनाथ अक्षताच्याच टीममधला. "काकू, मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"येरवड्याच्या."

"मग सुटलात कधी?"

सगळे हसले. शैलाताईही हसल्या. उतारा लागू पडला होता.

मंडईमागच्या एका बोळात साईनाथ थांबला. पत्र्यानं झाकलेला दगडी हौद, वर कोणाच्या तरी तुळशीच्या कुंड्या. शैलाताईंनी तो लगेच ओळखला. लहानपणी भाजी घेऊन परतताना त्यांची आजी, गोदाबाई, त्यांना इथेच घेऊन यायची.

"कात्रजच्या तळ्याचं पाणी नळानं इथवर यायचं," साईनाथ रंगात आला होता. "पेशवाईतली सोय! सगळं गाव इथे पाणी भरायचं."

"सगळं नाही," अक्षता म्हणाली.

शैलाताईंनी तिची ओढणी ओढली. पोरीनं ती सोडवून घेतली.

"माझी पणजी घागर घेऊन लांब उभी राहायची. हौदाला शिवायची बंदी. कोणाला दया आली तर वरून ओतायचे. नाहीतर दुपारपर्यंत उभं."

पाणी सांडलं म्हणून रागावताना कधीतरी आपणच हे सांगितलं होतं. पोर ते इतकी वर्षं जपून ठेवील, असं वाटलं नव्हतं. आता उद्या डबा खाताना हिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली तर? त्यांनी एकेकाचा चेहरा निरखून पाहिला. कोणाचा तरी मोबाइल वाजला. त्यानं तो घाईनं बंद केला.

साईनाथचे कान लाल झाले होते. "हे मला ठाऊक असायला हवं होतं," तो म्हणाला. मग हळूच, "काकू, कुठे उभ्या राहायच्या त्या?"

शैलाताईंना खरं तर टाळायचं होतं. पाय मात्र निघाले. बोळाच्या तोंडाशी त्या थांबल्या. "इथे. चिंच होती तेव्हा."

आता तिथे झेरॉक्सचं बंद दुकान होतं, आणि दारात आडवी लावलेली मोटरसायकल. शेफाली नावाच्या मुलीनं ती ढकलून बाजूला केली आणि शैलाताईंना खेटून उभी राहिली. मग एकेक करत सगळेच आले.

"इथून तर हौद दिसतही नाही," शेफाली म्हणाली.

"दिसायला कशाला हवा? उभं राहायची जागा होती ही."

शेफालीनं अक्षताचा हात धरला. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून एका गृहस्थांचा आवाज आला. "रविवारी झेरॉक्स बंद असतं. पाटी लावलीय, वाचता येत असेल तर."

"झेरॉक्स नकोय आम्हाला," शैलाताई म्हणाल्या.

"मग उभ्या कशाला राहिलात? कुठल्या तुम्ही?"

येरवडा अगदी ओठांवर आला होता. शैलाताईंनी मान वर केली.

"इथल्याच," त्या म्हणाल्या. "तुमच्या दुकानाच्या आधीपासूनच्या."

मग हौदाकडे गेल्या आणि कुंडी जराशी सरकवून दगडावर हात ठेवला. पालथा नाही, चांगला तळवा टेकून.