पुढे दोरी, मागे मूठ

मित्रांनो, मी एक जुने सायकल-कोळपे आहे. इनामगावच्या शिवारात, घोड नदीपासून हाकेच्या अंतरावर एक पत्र्याचे छप्पर आहे. त्याच्याखाली भिंतीला टेकून मी उभे असते. मला एकच चाक आहे. चाकामागे एक लोखंडी पट्टी आहे, तिला पास म्हणतात. ही पास बोटभर मातीत शिरते आणि पिकाच्या दोन ओळींमधले गवत मुळापासून कापत जाते. मागे धरायला दोन मुठी आहेत आणि पुढे ओढायला एक दोरी. शेतावर राहणाऱ्या मुलांनी मला पाहिले असेल. ज्यांनी पाहिले नाही त्यांनी एका चाकाची, बुटकी, पोट कापून टाकलेली सायकल डोळ्यांपुढे आणावी. म्हणजे मीच.

कारण आधी मी खरोखरच सायकल होते. कारेगावला तात्याबा मला वापरत. तात्याबांचे वडील मेंढरे घेऊन गावोगाव हिंडणारे. घराण्यात पगाराची नोकरी धरणारे तात्याबा पहिलेच. पत्र्याच्या भाड्याच्या खोलीपासून कंपनीच्या गेटपर्यंत मी त्यांना रोज नेत असे. पुढे गेटसमोर मोटारसायकलींच्या रांगा लागल्या. त्या रांगेत उभी राहताना मला ओशाळल्यासारखे होई, पण तात्याबा दर रविवारी मला पुसून तेल घालायचे, त्यामुळे माझी मान ताठ राही.

त्यांच्या पत्नी अनसाबाई कामगारांना डबे करून देत. तात्याबा रात्रपाळीवरून येत तेव्हा अनसाबाईंची पोळ्यांची घाई चालू असे, आणि अनसाबाई निवांत होत तेव्हा तात्याबा पुन्हा माझ्यावर टांग टाकत. एकाच खोलीत संसार करणारी ही दोन माणसे मी शेजारी बसलेली फारशी पाहिली नव्हती.

तात्याबा निवृत्त झाले. कंपनीने शाल दिली, भिंतीवरचे घड्याळ दिले. मुलगा पप्पू तोपर्यंत दुसऱ्या एका कंपनीत सुपरवायझर झाला होता आणि त्याने शिक्रापूरला फ्लॅट घेतला होता. त्याने आईवडिलांना मायेने तिथे नेले. मला पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवले. माझ्या सीटवर धूळ बसली, टायर चपटे झाले, साखळी गंजली. वर गॅलरीत तात्याबा हमरस्त्यावरचे ट्रक बघत बसत आणि अनसाबाई तात्याबांकडे बघत बसत.

एके दिवशी अनसाबाईंचा आवाज खाली माझ्यापर्यंत आला.

"अवो, इनामगावचं रान हाय ना अजून आपलं?"

"हाय की. बाभळी उगवल्यात तिथं."

"मग बाभळी काढू."

झाले, एवढेच बोलणे. पप्पूने पुष्कळ समजावले, पण दोघे निघाली. रान साफ झाले, विहिरीचे पाणी आले, झेंडू लागला, गवार लागली. पण गवत कोणाची वाट बघत नाही. या वयात बैल सांभाळणे झेपणार नव्हते आणि झेंडूच्या ओळींतून ट्रॅक्टर जात नव्हता. तेव्हा तात्याबांना माझी आठवण झाली. त्यांनी मला टेम्पोत घालून न्हावऱ्याच्या पोपटराव वेल्डरकडे नेले. पोपटरावांनी करवत चालवली तेव्हा मला वाटले, संपले आपले. मागचे चाक गेले, पायडल गेले, साखळी गेली. पण संध्याकाळी मी डोळे उघडले तर पायाशी नवी कोरी पास चमकत होती.

पहिल्या दिवशी तात्याबा एकटेच मला ढकलू लागले. पाणी दिलेली काळी माती चिकट असते, ती पास सोडत नाही. ओळ संपेपर्यंत त्यांना धाप लागली. अनसाबाईंनी विहिरीवरची दोरी आणली, माझ्या चाकापुढे बांधली आणि स्वतः पुढे होऊन ओढू लागल्या. बांधापलीकडे हौसराव यांचे रान आहे. हौसरावांना शेजारच्या रानात काय चालले आहे हे स्वतःच्या रानापेक्षा जास्त ठाऊक असते.

"काय तात्याबा, वहिनीला जुंपलं व्हय औताला?"

तात्याबांना ते लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोरी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि मुठी अनसाबाईंच्या हाती दिल्या. हौसराव पुन्हा बांधावर हजर.

"आता बराबर हाय. घरात चालतंय तेच रानात."

"भावजी," अनसाबाई मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या घरात काय चालतंय ते आमाला बांधापातुर ऐकू येतंय."

दोरी खांद्याला काचू नये म्हणून अनसाबाईंनी तिला घोंगडीची पट्टी शिवली. ती घोंगडी तात्याबांच्या वडिलांची होती. कितीतरी माळरानांचे वारे आणि मेंढरांचा वास तिच्यात मुरला होता. ती पट्टी खांद्यावर आली की तात्याबांची चाल बदले. मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाची ती लांब, न थकणारी चाल होती.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची. सकाळी उन्हे चढायच्या आत आम्ही तिघे रानात. पुढे तात्याबा, मध्ये मी, मागे अनसाबाई. कधी पासेला खापराचा तुकडा लागे. आमच्या गावात हजारो वर्षांपूर्वी शेती करणारी माणसे राहून गेली आहेत, त्यांची रंगीत खापरे मातीत सापडतात. अनसाबाई तो तुकडा पदराने पुसून म्हणत, "कुण्या सासुरवाशिणीच्या हातनं फुटलं आसंल. बोलणी खाल्ली आसत्याल बिचारीनं," आणि बांधावर नीट ठेवून देत.

दुपारी बोरीखाली भाकरी सोडायची, कांदा फोडायचा, मग कोणी कुठली ओळ वाकडी नेली यावर वाद घालायचा. दसऱ्याला फुलांच्या पाट्या घेऊन दोघे दौंडच्या बाजाराला जात. येताना भेळ खाऊन येत. भेळेची गोष्ट पप्पूला सांगायची नाही असे त्यांचे ठरले होते, कारण डॉक्टरांनी तात्याबांना तळलेले बंद केले होते.

आणि दोघे चालत तरी किती झपाट्याने! रस्त्याने जाणारे थांबून बघत. साठी उलटून गेलेली ही माणसे कोळप्यामागे एवढी पळतात कशी, याचे सगळ्यांना नवल वाटे. त्याचे कारण मला ठाऊक होते. पण कोळप्याला कोण विचारतो?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे भादव्याच्या अमावास्येला पोळा असतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळदीतेलाने मळतात, वर्षभर जू वाहिलेल्या मानेला तेवढाच आराम. त्या दुपारी छपराखाली अनसाबाई वाटीत हळद आणि कोमट तेल घेऊन बसल्या होत्या आणि तात्याबांचा उघडा खांदा मळत होत्या. तेवढ्यात पप्पूची गाडी आली.

"आई, हे काय चाललंय?"

"खांदेमळणी. आमच्या दावणीला एवढाच एक बैल हाय," अनसाबाई म्हणाल्या.

तात्याबा मान हलवून हंबरले. पण पप्पू हसला नाही. दोरीने वडिलांच्या खांद्यावर पडलेला काळसर घट्टा तो बघत राहिला. मग त्याने खिशातून मोबाईल काढून पुढे धरला. त्यात तात्याबा दोरी ओढत होते. व्हिडिओ लांबून, बांधावरून काढलेला होता.

"हौसरावकाकांनी भावकीच्या ग्रुपवर टाकलाय. तिथनं फिरत फिरत आमच्या कंपनीत आलाय. काल चहाच्या टायमाला एकानं मलाच दाखवला. खाली काय लिहिलंय ठावं हाय? पोरगा सुपरवायझर, बाप औताला. आप्पा, मला कुणाच्या तोंडाकडं बघता येईना."

मग तोच पुढे म्हणाला, "रान वाट्यानं लावायचं. कोंडिबामामा करतो म्हणलाय. पोळा झाला की तुमी दोघं माझ्यासंगं शिक्रापूरला. आन् हे कोळपं पयलं भंगारात."

माझी पास थंड पडली. तात्याबांनी हळूच सदरा अंगात घातला. आपल्यामुळे मुलाला खाली बघायला लागले, हे त्यांना फार लागले.

"बरं," ते म्हणाले. "येतो."

अनसाबाईंनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. "येऊ. पर झेंडूत गवत राह्यलंय. फुलं कोंडिबानं तोडली तरी चालत्याल, गवत आमच्या हातचं हाय, ते काढून जाऊ. खांदा मळलेल्या बैलाला जुंपत न्हाईत. तवा दोरी तू घे."

पप्पूने बूट काढले, पँट दुमडली आणि दोरी खांद्यावर घेतली. अनसाबाईंनी मुठी धरल्या. चार पावलांतच माती पासेला चिकटली. पप्पू वाकून ओढू लागला. दोरी ताणून तारेसारखी झाली. अर्ध्या ओळीत त्याचा शर्ट भिजला आणि ओळीच्या शेवटी तो बांधावर मटकन बसला.

"हे... हे आप्पा रोज वढत्यात?" त्याला नीट बोलताही येईना. "न्हाई. पोळ्याचीबी वाट बघायची न्हाई. आजच निघायचं."

मला वाटले, पप्पूला दोरी द्यायचा अनसाबाईंचा डाव त्यांच्यावरच उलटला. आता सगळे संपले.

"एवढं कुठं जड हाय ते?" तात्याबा बांधावरून उतरत म्हणाले. त्यांना खरेच कळेना. "आण हिकडं. खांदा गेला उडत. तू नुसता शेजारनं चाल आन् बघ."

त्यांनी घोंगडीची पट्टी खांद्यावर टाकली आणि निघाले. मागून अनसाबाई. दोघांची नेहमीची झपाट्याची चाल. पप्पू शेजारच्या सरीतून जवळजवळ पळत होता. आधी त्याने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग खांद्याकडे. मग त्याची नजर खाली आली.

"आप्पा, थांबा."

आम्ही थांबलो.

"दोरी ढिली हाय."

"ढिली कशी आसंल? मी वढतोय की."

"न्हाई आप्पा. घटकेत ताणती, घटकेत झोळ पडतोय. आई, तू मागनं ढकलतीस?"

अनसाबाई झेंडूच्या कळ्या निरखू लागल्या. "जरा जरा."

तात्याबा वळले. "आगं म्हंजी म्हणून हलकं लागतंय व्हय! इतकी वर्सं मी समजतोय, पोपटरावाचं वेल्डिंगच झकास झालंय."

"आन् तुमी? मूठ हातात फुलावानी येती, ते मला कळत न्हाई व्हय? हळू चला म्हणलं की आजून जोरात वढता."

"तुझं गुडघं दुखत्यात म्हणून..." तात्याबा म्हणाले आणि मुलासमोर हे बोलून गेल्याने लाजून गवताकडे बघू लागले.

मित्रांनो, हेच ते कारण. अनसाबाईंच्या गुडघ्यावर भार नको म्हणून तात्याबा जोरात ओढत. मूठ हलकी लागली की त्यांच्या खांद्यावर भार पडतोय हे ओळखून अनसाबाई जोरात ढकलत. दोरीला झोळ पडला की ते आणखी पाऊल उचलत. एकमेकांचा भार पळवण्याच्या या शर्यतीत मी मध्ये होते, आणि खरे सांगते, माझ्याइतके हलके कोळपे साऱ्या शिरूर तालुक्यात नसेल.

पप्पूने दोरीचा झोळ हातात धरून पाहिला. मग त्याने विचारले, "आन् मी वढत व्हतो तवा?"

"तवा मी नुसती मूठ धरली व्हती," अनसाबाई म्हणाल्या. "तरणाताठा गडी हाईस, तुला कशाला ढकलायचं?"

तेव्हा कुठे पप्पू हसला. हसत हसत तो सरीतच बसला. त्याने मोबाईल काढला, आईवडिलांना उरलेली ओळ न्यायला सांगितली आणि शेजारून, अगदी दोरीजवळून व्हिडिओ घेतला. तोही त्याने त्याच ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी पोळा. अनसाबाईंनी बैलाच्या शिंगांना लावतात तसा लाल हिंगूळ माझ्या मुठींना लावला, चाकात झेंडूची माळ ओवली, मला ओवाळले आणि पुरणपोळीचा घास माझ्या पासेला लावला. मग तसाच एक घास तात्याबांना भरवला. पप्पूने माझ्या चाकाच्या आसात तेल सोडले. सामान भरायचा विषय त्याने काढला नाही, कोणी त्याला आठवणही करून दिली नाही. सायंकाळी हौसराव बांधावर आले. आज त्यांचा आवाज बारीक होता.

"पप्पू, तुझ्या काकूनं तो दुसरा व्हिडिओ बघितलाय. आता म्हणती, आपल्या गवारीतबी गवत लई झालंय."

"मग?"

"मग काय. चार दिस हे कोळपं मिळंल का, बघ."

तेव्हापासून मी दोन रानांत काम करते. हौसराव पुढे असतात. दोरी अजून बरीच ताणलेली असते, पण शिकतील.

मित्रांनो, माझी पास आता झिजली आहे आणि चाकाच्या दोन तारा तुटल्या आहेत. तुमच्या घरी माझ्यासारखे अवजार असेल तर काम झाल्यावर त्याची माती पुसा, थेंबभर तेल सोडा, पावसात टाकू नका. एवढ्यावर आम्ही जन्मभर राबतो. आणखी एक सांगायचे आहे. तुमचे आजी-आजोबा काही काम करताना दिसले तर मायेपोटी ते त्यांच्या हातून काढून घेण्याची घाई करू नका. लांब बांधावरूनही बघू नका. थोडे त्यांच्या शेजारून चाला. दोरी ताणलेली दिसली तर खुशाल हात लावा. पण तिला झोळ पडलेला असेल, तर त्यांना जाऊ द्या.

आज सकाळीच गवारीला पाणी दिले आहे. उद्या वाफसा येईल, म्हणजे माती कोळपण्याजोगी होईल, आणि तात्याबा मला घ्यायला येतील. अनसाबाई आत घोंगडीची पट्टी पुन्हा शिवत आहेत, कारण ती झिजली आहे. इतक्या ढिल्या दोरीने ती कशी झिजली, असे तात्याबा त्यांना विचारत आहेत, आणि "तुमी आजून जोरात वढता म्हणून," असे म्हणत त्या पुढचा टाका घालत आहेत.