नऊ किलोचं इंजिन

गाडीचं इंजिन बदलतोय. ओरडू नकोस.
ओरडत नाहीये, लिहितेय. का?

हा पत्रव्यवहार गॅरेजच्या दारावर टांगलेल्या प्लायवूडच्या तुकड्यावर, खडूनं. वरचं अक्षर नवऱ्याचं, खालचं बायकोचं. गॅरेजात करवत आणि स्वयंपाकघरात मिक्सर एकाच वेळी सुरू झाला की या घरात तोंड उघडण्यात अर्थ नसायचा.

ते कपाटं करायचे. गल्लीत सगळे त्यांना कपाटवाले म्हणत, आणि बायको सव्वीस वर्षं ग्रंथालयात नोकरी करूनही कपाटवहिनीच राहिली होती.

'का' याचं उत्तर घरासमोरच पसरलेलं होतं. चढ. गुळगुळीत फरशीचा, शंभर पावलांचा, आणि असा उभा की टपालवाला खालूनच हाक मारून पत्रं वाचून दाखवायचा.

त्यांची गाडी जुनी, जपानी, मुठीएवढी. पन्नाशी ओलांडलेली, मागच्या चाकांनी ढकलत चालणारी. इंजिन बाराशे सीसीचं. दोघं बसली की पायथ्याशीच तिला धाप लागायची. मग बायको उतरायची. पिशवी काखोटीला मारून चालत वर जायची, फाटक उघडायची, आणि गाडी येईपर्यंत कुंड्यांना पाणी घालायची. सव्वीस वर्षं.

गेल्या महिन्यात ते तिला आणायला ग्रंथालयात गेले, तर आत गप्पा रंगल्या होत्या.

"निवृत्तीच्या दिवशी घरी कोण सोडणार तुम्हाला?"

"चढापर्यंत हे," बायको म्हणाली. "पुढं माझी मी."

सगळ्याजणी खदखदून हसल्या. कपाटवाले पुस्तकांच्या कपाटामागं उभे होते. कपाट त्यांनीच केलेलं होतं. त्यात शिरून आतून कडी लावावी असं त्यांना वाटलं.

तर फळ्यावर त्यांनी उत्तर लिहिलं:

तुझ्या शेवटच्या दिवशी तू बसून वर येशील.

तिनं खाली फक्त तारीख घातली. अठरा दिवस होते.

लाकडाचं झालं. बघून जा.
दूध उतू जाईल. चांगलंच झालं असणार.

लाकडाचं म्हणजे इंजिन.

कपाटवाल्यांची एक पद्धत होती. कुठलंही कपाट करायच्या आधी ते टाकाऊ प्लायवूडचं खोटं कपाट करत आणि गिऱ्हाइकाच्या जिन्यातून फिरवून आणत. खोटं गेलं की खरं जाणारच. तीस वर्षांत त्यांचं एकही कपाट जिन्यात अडकलं नव्हतं. मग इंजिनाला वेगळा न्याय कशाला?

भंगाराच्या अड्ड्यावर आइस्क्रीमच्या गाडीचं दोन हजार सीसीचं इंजिन पडून होतं. चार दिवस ते टेप घेऊन त्याच्याभोवती घिरट्या घालत राहिले. छाती, कंबर, उंची, सगळं वहीत.

"काका," भंगारवाला म्हणाला, "शर्ट शिवताय का त्याला?"

पाचव्या दिवशी लाकडी इंजिन तयार. पंखा लाकडी, नळ्या लाकडी, नटबोल्टसुद्धा लाकडी. बायकोचा धाकटा भाऊ मदतीला आला. तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, त्यामुळे इंजिनातलं आपल्याला सगळं कळतं असं त्याचं स्वतःचं मत होतं. जुनं इंजिन काढलं, लाकडाचं आत ठेवलं. कुठंही खरचटलं नाही. फक्त हवेच्या फिल्टरचा डबा बॉनेटच्या चार बोटं वर येत होता. कपाटवाल्यांनी बॉनेटला भोक पाडलं, वर सागवानी खोका बसवला, खोक्याला बिजागऱ्यांची दोन दारं आणि पितळी मूठ लावली. हात शिवशिवत होते, काय करणार!

मेहुण्याला गहिवरून आलं. "भावजी, हेच ठेवू या. पेट्रोलसुद्धा लागणार नाही."

मग खरं आलं.

"सोड. हळू."

"हळूच सोडतोय भावजी, साखळी माझं ऐकत नाहीये."

"बसलं?"

"बसलं! दोऱ्याचाही फरक नाही. मानलं बुवा तुम्हाला!"

"मग गाडी अशी का उभी आहे?"

"कशी?"

"नाक खाली घालून. काहीतरी हुंगतेय."

"नवीन इंजिन आहे. लाजत असेल. होईल सरळ."

लाकडी इंजिन कपाटवाले रोज एकटेच उचलून आत ठेवत होते आणि बाहेर काढत होते. खऱ्याला दोन माणसं, एक पुली आणि एक लोखंडी साखळी लागली. यातून काही शिकावं असं दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. मापं जुळली होती ना!

इंजिनाला लटकत आलेल्या भोंग्यासकट सतरा वायरी उरल्या. मेहुण्यानं त्या जागा दिसेल तिथं जोडून टाकल्या.

आज चारला न्यायला येतो. उतरायचं नाही.
बघू.

इंजिन सुरू झालं ते त्याच दिवशी दुपारी तीनला. चढून बघायला वेळ नव्हता. मेहुण्याला फाटकापाशी उभा करून कपाटवाले निघाले. नाक खाली असल्यामुळं उतार तर गाडीनं झकास उतरला. फक्त ब्रेक दाबला की बॉनेटखालून आइस्क्रीमच्या गाडीचं गाणं वाजत होतं. उतारावर ब्रेक लागतोच. पायथ्याशी राहणारी शेजारीण वाटी घेऊन धावत बाहेर आली आणि गाडी निघून गेल्यावर वाटीकडं बघत उभी राहिली.

ग्रंथालयातल्या बायकांनी निरोपाला अकरा खंडांचा ज्ञानकोश दिला होता. बायकोनं सव्वीस वर्षं धूळ झटकली होती तोच. खंड पुढं तिच्या पायाशी रचले आणि गाडी निघाली. सपाट रस्त्यावर ती अशी पळाली की बायकोनं पर्स पोटाशी धरली आणि कपाटवाल्यांना शीळ घालावीशी वाटली.

चढ आला. बायकोचा हात आपोआप दाराकडं गेला.

"उतरू नकोस."

"सवय हो, सवय."

त्यांनी गिअर टाकला आणि पाय दाबला. दोन हजार सीसींनी गल्ली डोक्यावर घेतली. मागची चाकं गरगरा फिरली, धूर झाला, जळक्या रबराचा वास सुटला. गाडी जागची हलली नाही. कुणीतरी डिकी धरून ठेवल्यासारखी.

पुन्हा. तेच. तिसऱ्यांदा धूर तेवढा जास्त.

कपाटवाल्यांनी स्टिअरिंगवरून हात काढले. वाटीवाली शेजारीण बघत होती. वर फाटकापाशी मेहुणा उगाचच हात हलवत होता.

"उतर," ते म्हणाले. "चढापर्यंत मी. पुढं तुझी तू."

बायकोनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. हे वाक्य कुठून आलं ते तिला कळलं. ती उतरली, पण वर गेली नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि डिकीवर तळहात टेकून दाबलं. गाडी उशीसारखी खाली गेली, वर आली.

"मागं काय ठेवलंय?"

"काहीच नाही. मुद्दाम हलकी ठेवलीय."

"लाकडाचं किती किलोचं होतं?"

"नऊ."

"आणि हे?"

कपाटवाल्यांनी खिशातला टेप चाचपला. टेपवर किलो नसतात.

"अहो, ट्रॉलीवर सगळे जाडे ग्रंथ पुढच्या टोकाला रचले की मागची चाकं नुसती भिरभिरतात," बायको म्हणाली. "आमच्याकडं पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे."

तिनं अकराच्या अकरा खंड उचलून डिकीत टाकले. मागचं दार उघडून सीटवर मधोमध बसली, पदर सावरला आणि शेजारणीला हाक मारली, "या हो, तुम्हीपण बसा."

"आइस्क्रीम?"

"वर गेल्यावर बघू."

शेजारीण वाटीसकट बसली. गाडीचं नाक चांगलं वीतभर वर आलं. कपाटवाल्यांनी श्वास रोखून पाय दाबला, आणि मागच्या चाकांनी फरशी धरली.

गाडी चढली! धूर नाही, धाप नाही. सागवानी खोक्याची दारं वाऱ्यानं फटाफट उघडझाप करत होती. अर्ध्यावर आनंदाच्या भरात कपाटवाल्यांचा पाय ब्रेकवर पडला आणि गाणं सुरू झालं.

"ब्रेक नको!" मागून दोघी एका सुरात ओरडल्या.

वर मेहुणा तोंडाचा आ वासून उभा होता. फाटक बंदच.

"अरे बघतोस काय, उघड ना!" बायकोनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "आज मी बसलेय!"

मागं वजन हवं. डिकीत वाळूची पोती टाकतो, पुढचे स्प्रिंगही बदलतो. मग तुझ्याशिवायसुद्धा चढेल.
खबरदार!