रविवारची हजेरी

आमचे सर महाडच्या शाळेत गणित शिकवतात आणि रविवारी घरात हजेरी घेतात. वायफाय आल्यापासूनची ही पद्धत. जेवणं झाली की ते चष्मा कपाळावर चढवतात, राउटरचं ॲप उघडतात आणि आठवड्यात कोणी किती नेट जाळलं ते खणखणीत आवाजात वाचतात. विनीत, म्हणजे ते स्वतः, तीन जीबी. अंकिता, म्हणजे बारावीतली आमची लेक, सतरा जीबी. तुळसा, म्हणजे मी, शून्य. माझा बटणांचा फोन ॲपला दिसतसुद्धा नाही, तरी सर माझं नाव पुकारतात. शून्याचा एवढा अभिमान मी दुसऱ्या कुठल्या गणिताच्या शिक्षकात पाहिलेला नाही.

"आईकडून शिक जरा," असं ते अंकिताला सुनावत, आणि मी ताटं गोळा करायला उठत असे.

कारण त्या सतरातले चौदा माझे होते. अंकिताला नवा फोन आला तेव्हा काच तडकलेला जुना कपाटात पडला होता, तो मी गुपचूप काढला होता. सरांच्या यादीत दोन्ही फोन तिच्याच नावावर. एकदा मांडलेलं सर सहसा खोडत नाहीत.

दुपारी दोन ते चार तो फोन मी व्हिडिओ कॉल लावून चहाच्या डब्याला टेकवून ठेवते. तिकडे वरंधला माझ्या आईचा, म्हणजे रंगूबाईचा, फोन तांदळाच्या डब्याला टेकलेला असतो. बोलणं फारसं होत नाही. ती तांदूळ निवडते, मी ब्लाउजला हुक लावते. माघात ती मागच्या दारी घसरून पडली आणि अर्धा दिवस तशीच पडून राहिली. हे तिने मला एकटीला सांगितलं, तेही शपथ घालून. सरांच्या कानावर गेलं तर ते दुसऱ्याच दिवशी तिला महाडला आणतील, आणि गाय आणि परसातली वांगी सोडून ती इथे चार दिवस जगायची नाही. म्हणून मी तिच्यावर लक्ष ठेवत होते. अंकिताला फोनचं तेवढं ठाऊक होतं. पाच रविवार पोरीने मान खाली घालून बोलणी खाल्ली. मला लाज वाटायची, पण खरं सांगणं मी पुढच्या रविवारवर ढकलत राहिले.

मग एका बुधवारी सरांनी शाळेतूनच अंकिताच्या नावावरच्या दोन्ही फोनांचं नेट बंद केलं. सव्वादोनला आई माझ्यासमोरून नाहीशी झाली. बटणांच्या फोनवरून मी तिला बारा वेळा लावला. रिंग जायची, उचलत कोणी नव्हतं. मागचं दार आणि तिथला ओला दगड डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी पिशवी घेऊन स्टँडवर जायला निघाले, तर दारातच वरंधच्या सदूची रिक्षा थांबली आणि आतून आई उतरली, अनवाणी. पाठोपाठ सरांची स्कूटर; शाळेवरून जाणाऱ्या रिक्षात त्यांना आई दिसली होती.

आईने आधी माझे दोन्ही हात चाचपले.

"तू दिसायची बंद झालीस गो," ती म्हणाली. "म्हटलं, पडलीस. दुपारची घरात कोण नाय तुझ्यापाशी. मी पडले तवा अर्धा दिवस कुणाला कळलं नाय. म्हणून तर रोज बसते तुझ्यावर लक्ष ठेवून."

घातलेली शपथ तिने स्वतःच मोडली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. मी तिथेच पायरीवर बसून रडले.

हेल्मेट काढून सर मला ज्याची भीती होती तेच म्हणाले, "आई, आता तुम्ही इथेच राहा."

"आणि मास्तर, मग तिथनं हिच्याकडं कोण बघणार?"

चहा झाल्यावर सर स्वतः तिला वरंधला सोडून आले आणि येताना मागच्या दारचा ओला दगड उखडून आले.

त्या रविवारी हजेरी झाली. अंकिता, तीन जीबी. सरांनी तिची माफी मागितली नाही, पण तिच्या ताटात आपल्या वाटणीचा लाडू ठेवला. मग चष्मा खाली घेऊन नवं नाव वाचलं. रंगूबाई, चौदा जीबी.

"कमी आहे," ते म्हणाले आणि पुढे सरकले.