नाहूर स्टँडवरचा तीन टोकांचा तारा

मित्रांनो, मी एक जुना तारा आहे. आकाशातला नव्हे, गाडीच्या बॉनेटवरचा. एक गोल कडं आणि त्यात तीन टोकं, असा माझा बांधा. मर्सिडीज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी मी उभा राहतो, गाडी मागाहून येते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही असं म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोलू? बढाई म्हणूनच सांगतो आहे. ज्याला मिरवण्यासाठीच घडवलं त्यानं मिरवू नये तर काय करावं?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मला साच्यात ओतलं, घासून गुळगुळीत केलं आणि वर चकचकीत मुलामा चढवला. माझी तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि हवा, असं जाणकार सांगतात. (पुढे पावसाळ्यात भांडुपच्या रस्त्यावर जमीन कुठली आणि पाणी कुठलं हे मलाही कळेना, ती गोष्ट वेगळी.) माझ्या पायाशी एक स्प्रिंग बसवलेली आहे. धक्का बसला तर मी मोडत नाही. वाकतो आणि पुन्हा ताठ उभा राहतो.

मला एका काळ्या गाडीवर बसवलं आणि ती गाडी घाटकोपरच्या चंद्रप्रकाश शेठनी घेतली. शेठचा कांजूरमार्गला शर्टाच्या बटणांचा कारखाना होता. गाडी चालवायला सहदेव नावाचा ड्रायव्हर होता. तो मालवणकडचा. वडील गिरणीत कामाला होते, आणि गिरण्या बंद पडल्यावर हा पोरगा स्टिअरिंगकडे वळला. रोज सकाळी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो यायचा, माझ्यावर तोंडाची वाफ सोडायचा आणि स्वतःच्या रुमालानं मला पुसायचा. बाकीच्या गाडीचं आंघोळपाणी त्यानंतर.

सहदेवचा एक नेम होता. शेठ खाली आले की तो वळसा घालून डाव्या बाजूला जाई, मागचं दार उघडे, शेठ नीट बसेपर्यंत हात दारावर ठेवून उभा राही आणि मग दार असं लावी की आवाज यायचा तो फक्त एक मऊ ‘ठप्’. एकदा विमानतळावर शेठनी घाईत स्वतःच दार उघडलं. सहदेव दिवसभर घुश्श्यात होता. शेवटी शेठनाच म्हणावं लागलं, “चुकलं बाबा, यापुढे हँडलला हात लावणार नाही.”

लग्नकार्याच्या वेळी हॉलबाहेर गाड्यांची रांग लागे आणि ड्रायव्हर मंडळींची मैफल जमे. तिथं प्रत्येक गाडीच्या अब्रूचा पंचनामा होई. “बीएमडब्ल्यू चालवणाऱ्याची, मर्सिडीज मागं बसणाऱ्याची,” असं एक जण म्हणे. ऑडी म्हणजे नुकतंच नशीब उघडलेल्या तरण्या मालकाची. जग्वार दिसायला देखणी, ती घेणारा आधी आरशात बघतो आणि मग किंमत विचारतो. व्होल्वोवाला म्हणजे गादीवर झोपतानाही पडू नये म्हणून उशा लावणारा. रोल्स-रॉईसचं नाव निघालं की मात्र सगळे जरा सावरून उभे राहत, जशी काही ती समोरच आली आहे. मी हे सगळं कान देऊन ऐके, आणि शेवटी कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून “पण हिचं नाव ते नाव!” असं म्हणेपर्यंत मला चैन पडत नसे.

पण दिवस कोणाचे सारखे राहतात? शेठचा कारखाना बंद झाला. दोन्ही मुलं वेगवेगळ्या टॉवरमध्ये राहायला गेली. शेठ एकटे राहिले. त्यांना कुठं जाणंयेणं उरलं नाही, म्हणून सहदेवलाही निरोप मिळाला. गाडी पार्किंगच्या कोपऱ्यात कापडाखाली उभी राहिली. कबुतरांनी त्या कापडाची जी दशा केली ती मी सांगत नाही. सोसायटीतली मुलं येता-जाता कापड उचलून मला पिळायची, निघतो का ते बघायची. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी असं करत असेल तर एक सांगतो, आम्हाला ते दुखतं.

मग एक दिवस गाडी भंगारात न्यायला टेम्पो आला. शेठनी सहदेवला बोलावून घेतलं होतं. गाडी ओढून नेण्याआधी शेठ स्वतः वाकले, मला फिरवून सोडवलं आणि सहदेवच्या हातात ठेवलं.

“गाडी गेली. हा तुझा,” ते म्हणाले. दोघंही दुसरीकडेच बघत होते.

सहदेव मला कांजूरमार्गच्या घरी घेऊन गेला. त्याची बायको विमला मला उलटसुलट करून बघत म्हणाली, “ह्यां काय हाडलात? आता देवांच्या शेजारी ठेवतल्यात की काय?”

देवांच्या शेजारी ठेवलं असतं तर मला चाललं असतं! पण सहदेवनं तोवर स्वतःची रिक्षा घेतली होती. त्यानं मला त्या रिक्षाच्या पुढच्या मडगार्डवर बसवलं. मी, आणि तीन चाकांवर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हॉर्नसुद्धा कसला, तर चिमणीला पडसं झाल्यासारखा.

नाहूर स्टेशनबाहेरच्या स्टँडवर मात्र मला नवीनच मैफल भेटली. तिथं प्रत्येक रिक्षावर कुठल्या ना कुठल्या मोठ्या गाडीची खूण होती. विकी नावाच्या तरुण रिक्षावाल्यानं मागच्या बाजूला ऑडीची चार कडी चिकटवली होती. भीमराजनं बीएमडब्ल्यूचं निळं-पांढरं वर्तुळ रंगानं काढून घेतलं होतं. रांगेत उभ्या उभ्या त्यांची जुंपायची.

“अरे, ऑडी म्हणजे ऑडी! पिकअप बघ ना आपला, झकास!” विकी म्हणायचा.

“तुझा पिकअप पुलावर चढताना बघितलाय मी,” भीमराज म्हणायचा. “पॅसेंजरनं खाली उतरून ढकलायचं बाकी ठेवलं होतं.”

त्या सगळ्यांत अस्सल फक्त मी होतो, आणि हे मी कोणाला विसरू दिलं नाही. उन्हात असा चमकायचो की समोरच्याचे डोळे दिपावेत.

सहदेवची मात्र भारी पंचाईत झाली. इतक्या वर्षांची सवय अशी सुटते होय? पहिल्याच दिवशी पॅसेंजर आला आणि हा खाली उतरला, वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि दार उघडायला हात पुढे केला. आता रिक्षाला दार कुठलं? हात हवेतच राहिला. स्टँडवर हशा पिकला.

“काका, दार घरी विसरलात काय?” विकी ओरडला.

सहदेव ओशाळला, पण सवय गेली नाही. दर थोड्या वेळानं त्याचा हात जायचाच. काही दिवसांनी त्यानं लाजणं सोडून दिलं आणि सगळ्यांसाठीच ते नसलेलं दार उघडू लागला. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्यानं भाडं कधी नाकारलं नाही. जवळचं असो, चढाचं असो, उलट्या दिशेचं असो. विकीनं विचारलं तेव्हा तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “ह्याला पुढं बसवलाय ना? मग नाही कसं म्हणू? नाव लावायचं तर नावासारखं वागाक नको?”

एकदा माणिकआजी नावाची एक म्हातारी गाठोडं घेऊन स्टँडवर आली. तिला अगदी जवळच जायचं होतं, म्हणून चार कड्यांनी नाही म्हटलं आणि निळ्या वर्तुळानंही मान फिरवली. सहदेव उतरला, गाठोडं ठेवलं आणि दार उघडलं. आजी तोंडाला पदर लावून हसली. “माझ्यासाठी आजवर खरं दारसुद्धा कुणी उघडलं नाही रे बाबा,” ती म्हणाली. तिचा मुलगा धोंडिराम मुलुंडच्या एका मोठ्या हॉलवर वॉचमन होता, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मी त्या रिक्षावर जरा ताठ बसू लागलो.

आता खरी गोष्ट सांगतो. गेल्या हिवाळ्यात शेठच्या नातीचा, जानकीचा साखरपुडा होता. संध्याकाळी सहदेवचा फोन वाजला.

“सहदेव,” शेठ म्हणाले, “येतोस का रे? मी राहिलोय.”

झालं होतं असं. थोरला मुलगा आपल्या बीएमडब्ल्यूनं गेला, त्याला वाटलं धाकटा आणील. धाकटा ऑडीनं गेला, त्याला वाटलं शेठचे जावई आणतील. जावई जग्वारनं गेले, त्यांना वाटलं हा मान मुलांचा. तीन गाड्या, तिन्हींत मागची जागा रिकामी, आणि म्हातारा बंद गळ्याचा कोट घालून गेटवर उभा. बोलावलेल्या टॅक्सीवाल्यांनी एकामागून एक नकार दिला होता.

सहदेवनं शर्ट बदलला, मला पुसलं आणि आम्ही घाटकोपरला पोचलो. शेठ याआधी या रिक्षात कधी बसले नव्हते. त्यांनी रिक्षाकडे बघितलं, मग माझ्याकडे. बसल्यावर म्हणाले, “सहदेव, हॉलच्या अलीकडे कोपऱ्यावर सोड मला. तिथून मी चालत जाईन.”

“शेठ, चढ आहे तिथं. तुमचा गुडघा...”

“व्याही असतील दारात. सगळ्यांच्या गाड्या असतील. जानकीचा आजोबा रिक्षातून उतरला असं नको व्हायला. पोरीला कमीपणा येईल.”

“बरं शेठ,” सहदेव म्हणाला. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. त्याच माणसाच्या पुढे मी इतकी वर्षं छाती काढून चाललो होतो, आणि आज मी असूनही त्याला तोंड लपवावंसं वाटत होतं.

कोपरा आला. समोर चढ, वर हॉलचे दिवे. सहदेवनं सांगितल्याप्रमाणे रिक्षा थांबवली. तो उतरला, वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि त्यानं दार उघडलं. नसलेलं दार. हात तसाच धरून उभा राहिला, शेठ उतरेपर्यंत.

शेठ उतरले नाहीत. त्यांनी त्या हवेतल्या हाताकडे बघितलं. ते मागे टेकून बसले आणि त्यांचा आवाज पूर्वीसारखा आला.

“दार लाव, सहदेव. आत घे गाडी.”

सहदेवनं दार लावलं. शपथेवर सांगतो, मला ती मऊ ‘ठप्’ ऐकू आली.

गेटवर वॉचमननं हात आडवा केला. “रिक्षा आत नाही. साहेबांची ऑर्डर आहे.” मग तो खाली वाकला, मला बघितलं, सहदेवला बघितलं. तो धोंडिराम होता. “अरे, नाहूरची मर्सिडीज ना तुम्ही? आमच्या आईला सोडलेलं ते?” त्यानं गेट पूर्ण उघडलं. “मर्सिडीज कोण अडवणार? जा, सरळ पोर्चमध्ये घ्या!”

पोर्चमध्ये दोन्ही मुलं आणि जावई उभे होते. कोणाच्या गाडीचं इंजिन भारी, कोणाच्या सीटचं चामडं खरं, असं काहीतरी चाललं होतं. रिक्षाचा हॉर्न वाजला तसे ते वळले. सहदेव उतरला, डाव्या बाजूला आला आणि त्यानं दार उघडलं. शेठ सावकाश, ऐटीत उतरले.

थोरला धाकट्याला म्हणाला, “बाबा तुझ्या गाडीत नव्हते?” धाकट्यानं जावयाकडे बघितलं आणि जावई बुटांकडे बघू लागले.

तेवढ्यात शालू सांभाळत जानकी धावत आली. “नाना! मी कधीची शोधतेय तुम्हाला! कशानं आलात?”

“माझ्या मर्सिडीजनं,” शेठ म्हणाले. “आणि हा सहदेव. आधी त्याला जेवायला वाढा.”

जानकीनं मला ओळखलं. लहानपणी ती माझ्याशी खेळायची. तिनं पहिला फोटो रिक्षापुढे काढला, एका बाजूला आजोबा आणि दुसऱ्या बाजूला सहदेव. आत जाण्याआधी शेठ परत वळले, खिशातून रुमाल काढला, माझ्यावर तोंडाची वाफ सोडली आणि मला पुसलं. शेठनी मला पुसण्याची ती पहिलीच वेळ. सहदेव म्हणाला, “शेठ, राहू द्या,” आणि त्यानं स्वतःचा रुमाल पुढे केला.

मित्रांनो, मी आजही नाहूरच्या स्टँडवर असतो. माझा मुलामा एका टोकाला उडाला आहे, पण मान ताठ आहे. तुमच्या घरी कुठलीही गाडी असो, चार कड्यांची, निळ्या वर्तुळाची किंवा तीन चाकांची. तिची निगा राखा, आणि वाटेतल्या कुठल्या ताऱ्याला पिळू नका. आणि म्हाताऱ्या ताऱ्याचं एवढं ऐका. कार्याला निघताना गाडी सुरू करण्याआधी एकदा मागच्या जागेकडे वळून बघा. ती रिकामी असेल तर घरात कोण राहिलंय ते विचारा, आणि उतरून त्यांच्यासाठी दार उघडा.