सकाळची चावी

तिने शेवटचा स्क्रू काढला, चिमट्याने आतली पितळी पट्टी उचलली आणि घड्याळ सर्रकन फिरलं. डोळ्याला लावलेल्या भिंगाखाली चाकं दिसेनाशी झाली, मग टक् असा आवाज झाला आणि सगळं थांबलं. एका चाकाचे दात झडले होते. त्याचा केसासारखा बारीक आस मोडून बशीत पडला होता.



चूक कुठे झाली ते विचारायला ती घड्याळजींच्या घरी गेली. हात थरथरू लागल्यापासून त्यांनी दुकान बंद केलं होतं, पण डबाभर भंगार घड्याळं देऊन ते तिला शिकवत. जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईने सुई सोडून चिमटा धरला, याचं त्यांना कोण कौतुक!

"उघडण्याआधी स्प्रिंगचा दम सोडून ती सैल केली नाहीत?"

"डब्यातल्या एकाही घड्याळाला सोडावा लागला नव्हता."

"ती मेलेली होती, बाई. हे भरलेलं होतं." म्हातारा कपाळाला हात लावून बसला. "पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं मी. या मापाचं चाक आता मिळायचं नाही."

भरलेलं तर होतंच. तिच्या नवऱ्याला जेवल्याचं आठवत नसे, मुलीचं नाव आठवत नसे. काट्यांवरून वेळ ओळखणं तर कधीच गेलं होतं. पण सकाळी उठून उशाच्या घड्याळाला चावी द्यायची, एवढं त्यांचे हात विसरले नव्हते. त्या चार-दोन क्षणांत ते तिला पूर्वीचे दिसत. घड्याळ बंद पडलं, भरलेली स्प्रिंग तशीच राहिली आणि चावी फिरेना, तेव्हा ते दिवसभर बावरून घरात हिंडले. त्यासाठी तर तिचा हा सगळा खटाटोप. शेजारच्या गल्लीतून रोज दुपारी येणारी नणंद म्हणालीही होती, "वहिनी, या वयात नसती उठाठेव कशाला? नवं आणू." पण नवं सेलवर चालतं, त्याला चावी कुठे असते?

शेवटी तिने मोडकं चाक काढून टाकलं आणि मोठ्या चाकाच्या दातांत सुईचा तुकडा अडकवला. आता चावी दिली की स्प्रिंग भरे आणि भरलेलीच राही. काटे जागचे हलत नसत. दुसऱ्या दिवशी चावी फिरावी म्हणून रोज दुपारी ते झोपले की ती घड्याळ उघडी, चावीचं बटण बोटांत धरून आतला खटका मागे ओढी आणि बटण हळूहळू उलटं सुटू देई. एवढं शिकून हाती काय लागलं, तर मेलेल्या घड्याळाचा रोज दम सोडायचा. तिला स्वतःची किळस येई. सकाळी पलंगावरून कर्र कर्र ऐकू आलं, की मात्र काही वाटेनासं होई.

"वहिनी, काटे हलत नाहीत गं याचे," नणंद एकदा म्हणाली.

"हलून कुठे जायचंय त्यांना?"

दोघी हसल्या. मग नणंदेने पदर डोळ्यांना लावला.

आज दुपारी तिने घड्याळ उघडलं, बटण धरलं, खटका ओढला. बटण हललंच नाही. सुईचा तुकडा निसटला असेल म्हणून तिने भिंग लावून पाहिलं. तो जागेवर होता. स्प्रिंगही धड होती, फक्त सैल होती. तिने पुन्हा पुन्हा तपासलं. घड्याळात काही म्हणजे काही बिघडलं नव्हतं.

सकाळी ते घड्याळ हातात घेऊन बसलेले तिने पाहिले होते. आवाज आला नव्हता. नळ वाहत होता म्हणून आपल्याला ऐकू आलं नसेल, असं ती धरून चालली होती.

तिला ओरडावंसं वाटलं. पलंगावर ते तोंड उघडं टाकून झोपले होते, हात पोटावर, बोटं पसरलेली.

दारात चपला वाजल्या. नणंद आत येता येता रोजच्यासारखं म्हणाली, "दिली का आज दादाने चावी?"

"दिली ना," ती म्हणाली.

नणंद चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली. इकडे तिने दाराकडे पाठ केली, घट्ट होईपर्यंत स्वतःच चावी दिली, आणि मग खटका ओढून रोजच्यासारखी हळूहळू सोडून दिली.